मासा अपराधी असतो का?

माणसाला आधी बजावले होते, त्याने ऐकले नाही आणि पाण्यातल्या जनावराने त्याचा जीव घेतला, तर दोष कोणाच्या पदरात पडतो? मेलेल्याच्या आप्तांनी त्या जनावरावर सूड उगवला, तर तो न्याय ठरतो का? आणि जनावरच सूड घेत आहे असे म्हणण्याला काही अर्थ आहे का? शार्कच्या भयकथा या प्रश्नांवर उभ्या असतात. भारतीय धर्मविचारात हेच प्रश्न सापाच्या कथांतून फार पूर्वी विचारले गेले आहेत, आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर ते आजही रोजच्या मासेमारीत उभे राहतात.

पीटर बेंचली यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ साली आली आणि पुढच्याच वर्षी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा चित्रपट. ॲमिटी नावाच्या बेटावर एक तरुणी शार्कच्या तोंडी जाते. पोलीसप्रमुख ब्रॉडी किनारा बंद करायला निघतो, पण नगराध्यक्षाला चार जुलैच्या सुट्टीतली गर्दी हवी असते, म्हणून किनारा उघडाच राहतो. दुसरा बळी जातो एका लहान मुलाचा. त्याची आई शार्क मारणाऱ्याला तीन हजार डॉलरचे बक्षीस लावते. बक्षिसापायी बोटी सुटतात, एक टायगर शार्क मारून धक्क्यावर टांगला जातो, आणि तो भलताच निघतो. त्याच धक्क्यावर काळ्या कपड्यांतली ती आई ब्रॉडीच्या थोबाडीत मारते. आधी एक मुलगी मेली होती हे त्याला ठाऊक होते, तरी किनारा उघडा होता, एवढाच तिचा आरोप. बक्षीस लावताना तिचा राग माशावर होता. खरे काय ते कळल्यावर तो योग्य ठिकाणी पोचला. संपूर्ण चित्रपटात याहून मोलाचा क्षण नाही.

या मालिकेतला चौथा चित्रपट १९८७ सालचा, ‘जॉज : द रिव्हेंज’. त्यात शार्क ब्रॉडीच्या कुटुंबावर डूख धरून ॲमिटीपासून बहामापर्यंत त्यांच्या मागे जातो. इथे नगराध्यक्ष नाही, उघडा ठेवलेला किनारा नाही, न ऐकलेला इशाराही नाही. आहे तो फक्त डूख धरणारा मासा. दोष माणसाकडून उचलून जनावराच्या अंगावर टाकला की कथेतला सगळा नैतिक ताण नाहीसा होतो, आणि राहते ती पाठलागाची गोष्ट.

सूड या कृतीत बऱ्याच गोष्टी गृहीत असतात. आपल्यावर अन्याय झाला ही जाणीव हवी, अन्याय करणाऱ्याची ओळख हवी, ती काळ उलटूनही टिकायला हवी, आणि आताची भूक किंवा भीती बाजूला ठेवून पुढच्या संधीची वाट पाहण्याचा संकल्प हवा. शार्क शिकतो, जागा लक्षात ठेवतो, वासाचा आणि हालचालीचा माग काढतो. पण अन्यायाची जाणीव आणि सुडाचा संकल्प त्याच्यात असल्याचा कोणताही पुरावा नाही. फ्लोरिडातील संग्रहालय जगभरच्या हल्ल्यांची नोंद ठेवते. तिथे २०२३ या वर्षात माणसाने डिवचलेले नसताना झालेले ६९ हल्ले नोंदले गेले. उलट बाजूला, माणसाच्या हातून दरवर्षी मरणाऱ्या शार्कची संख्या २०१३ सालच्या एका अभ्यासाने सुमारे १० कोटी काढली. सुडाचा हिशेब मांडायचाच झाला, तर येणे कोणाचे आणि देणे कोणाचे हे या दोन आकड्यांतच दिसते.

जनावराला अपराधी ठरवण्याचा प्रयोग माणसाने प्रत्यक्षातही केला आहे. फ्रान्समधल्या फालेज गावात १३८६ साली एका डुकरिणीवर बालहत्येचा खटला चालवून तिला फाशी दिली गेली. भारताचा १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा या बाबतीत जास्त समंजस आहे. एखादे जनावर माणसाच्या जिवाला धोकादायक झाले, तर मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीने त्याची शिकार करता येते. तिथे प्रश्न धोक्याचा असतो, शिक्षेचा नाही. शिवाय परवानगी त्या जनावरापुरती किंवा ठरावीक क्षेत्रातल्या ठरावीक जनावरांपुरती असते, सगळ्या जातीवर ती लागू होत नाही.

हा भेद महाभारताने आदिपर्वातच केला आहे. रुरू हा च्यवनाचा नातू. त्याची वाग्दत्त वधू प्रमद्वरा मैत्रिणींबरोबर खेळत असताना वाटेत निजलेल्या सापावर नकळत पाय देते आणि दंश होऊन मरते. रुरू आपले अर्धे आयुष्य देऊन तिला परत मिळवतो. म्हणजे त्याचे नुकसान भरून निघालेले आहे, तरीही तो दिसेल तो साप मारण्याची प्रतिज्ञा करतो. एके दिवशी तो एका म्हाताऱ्या डुंडुभावर, म्हणजे बिनविषारी सापावर, काठी उगारतो. तो साप विचारतो, मी तुझे काय वाकडे केले? मग तो त्याला समजावतो की डुंडुभ फक्त दिसायला सापासारखे असतात. दंश करणाऱ्यांच्या वाट्याचे सुख त्यांना मिळत नाही, त्यांच्या वाट्याची काठी मात्र बसते. तो डुंडुभही मूळचा सहस्रपाद नावाचा ऋषी. गवताचा साप करून मित्राला घाबरवले, म्हणून शाप मिळालेला. अहिंसा हा श्रेष्ठ धर्म आहे, हा उपदेश महाभारतात पहिल्यांदा येतो तो या सापाच्या तोंडून, काठीच्या छायेत.

पुढे जनमेजयाच्या सर्पसत्रात हेच राजाच्या पातळीवर घडते. परीक्षिताला तक्षकाने मारले, म्हणून सगळा नागवंश अग्नीत. एका दंशाची किंमत एका जातीने द्यायची हा हिशेब आस्तीक थांबवतो, आणि तो स्वतः नागकन्येचा मुलगा आहे हे महत्त्वाचे. दोन्ही बाजूंचे रक्त अंगात असलेलाच मध्ये पडू शकतो, असे कथेने सुचवले आहे.

या कथा जुन्या म्हणून बाजूला ठेवता येत नाहीत. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने प्राणघातक हल्ल्यांनंतर किनाऱ्याजवळ आमिषाचे गळ लावले. पकडायचा होता तो मुख्यतः ग्रेट व्हाइट. १७० हून अधिक शार्क गळाला लागले, त्यांत बहुतेक टायगर शार्क होते; ग्रेट व्हाइट एकही नव्हता. पर्यावरण प्राधिकरणाने योजना पुढे चालवण्याविरुद्ध मत दिले आणि ती थांबली. धक्क्यावर टांगलेला भलता शार्क चित्रपटात एक होता, इथे त्यांची रांग लागली.

सुडाचा प्रश्न सर्वांत खोलवर नेणारी कथा मात्र अनुशासनपर्वाच्या आरंभी आहे. युद्धानंतर युधिष्ठिर अपराधभावाने खचलेला असताना भीष्म ती सांगतात. गौतमी या वृद्ध स्त्रीचा मुलगा सर्पदंशाने मरतो. अर्जुनक नावाचा पारधी साप बांधून आणतो आणि कसा मारू, जाळू की तुकडे करू, असे विचारतो. गौतमी म्हणते, याला मारून माझा मुलगा उठणार नाही, सोड त्याला. पारधी ऐकत नाही. मग साप म्हणतो, मला मृत्यूने धाडले. मृत्यू येऊन म्हणतो, मला काळाने धाडले. काळ येतो आणि म्हणतो, आम्हां तिघांपैकी कोणीच कारण नाही, कारण आहे ते कर्म.

या उत्तराचा शेवटचा भाग आजच्या वाचकाला बोचतो, आणि बोचायला हवा. मुलगा स्वतःच्या कर्माने मेला असे ऐकवणे शोकात असलेल्या आईला सांत्वन कसे देईल? पण भीष्म ही कथा मेलेल्याला दोष देण्यासाठी सांगत नाहीत. ‘सगळे माझ्यामुळे’ या एका खुंटीला स्वतःला टांगून घेतलेल्या राजाला ते दाखवतात की कारण एका जागी नसते, त्याची साखळी असते. गौतमीचे मोठेपण कर्मसिद्धांत मान्य करण्यात फारसे नाही. सिद्धांत येण्याआधीच, मृत्यू आणि काळ बोलण्याआधीच, तिने साप सोडायला सांगितले होते. ‘जॉज’मधली आई आणि गौतमी यांच्यात हजारो मैलांचेच नव्हे, युगांचे अंतर आहे. तरी दोघींच्या दुःखाला एकच गोष्ट कळते: दात आणि विष हे कारणाचे शेवटचे टोक असते, सुरुवात नसते.

साखळीत माणूस नेमका कुठे येतो, हे इशाऱ्याने ठरते. इशारा मिळण्याआधी जे अज्ञान असते, ते इशारा मिळाल्यावर निवड बनते. विदुराने उद्योगपर्वात एक अख्खी रात्र धृतराष्ट्राला सांगण्यात घालवली. धृतराष्ट्राने ते ऐकले, त्याला ते पटलेही. दुर्योधन समोर आला की माझे मन फिरते, अशी कबुली त्याने स्वतःच दिली. इशारा डावलणारे बहुतेक लोक असेच असतात, त्यांना कळलेले असते. आणि पुढचा भाग अधिक कठोर आहे. कुरुक्षेत्रावर धृतराष्ट्र मेला नाही, त्याची मुले मेली. ॲमिटीचा नगराध्यक्षही पाण्यात उतरलेला नव्हता, उतरला होता तो लहान मुलगा. इशारा न ऐकणारा आणि किंमत मोजणारा या दोन निराळ्या व्यक्ती असतात, म्हणूनच ‘निसर्गाने धडा शिकवला’ हे वाक्य इतके अन्यायाचे ठरते.

सिंधुदुर्गातल्या मालवणात हे वाक्य किती क्रूर होऊ शकते याचे उदाहरण आहे. १५ एप्रिल २०१७ रोजी वायरीच्या समुद्रात बेळगावच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतले आठ जण बुडून गेले. अशा प्रत्येक दुर्घटनेनंतर समुद्राने बळी घेतला, समुद्र कोपला, असे बोलले जाते. समुद्राला कोप नसतो. पाण्याला ओढ असते, तळाला उतार असतो, भरती-ओहोटीला वेळ असते. तरुण मुले पाण्याला भुलली हा अपराध नव्हे, आणि मरण ही त्याची शिक्षा नव्हे. दोषाचा शोध घ्यायचाच तर तो धोक्याच्या फलकांपाशी, जीवरक्षकांपाशी, पर्यटन वाढवताना किनाऱ्यावर किती माणसे नेमली या हिशेबापाशी घ्यावा लागतो. सुडाची भाषा तो शोध संपवून टाकते.

या किनाऱ्याच्या धर्मात इशाऱ्याकडे पाहण्याची स्वतःची रीत आहे. मालवण तालुक्यातल्या आचरे गावी रामेश्वराचा कौल मिळाला की गावपळण होते. घरेदारे बंद करून, गुरेढोरे, कोंबड्या-कुत्र्यांसकट सगळा गाव वेशीबाहेर झोपड्या बांधून तीन दिवस तीन रात्री राहतो. चिंदर आणि वायंगणी या शेजारच्या गावांतही दर काही वर्षांनी ही प्रथा पाळली जाते. देव कोपेल या भीतीने हे होते असे बाहेरच्याला वाटते, पण भीतीपेक्षा यात शिस्त आणि आनंद जास्त असतो. गाव आपल्या मालकीचा नाही, तो काही काळ रिकामा करून द्यायचा असतो, ही कबुली त्यात आहे. गाऱ्हाण्यातही तेच. गावाच्या वतीने देवापुढे चुकल्यामाकल्याची कबुली दिली जाते, राखण मागितली जाते, आणि जमलेले सगळे एका आवाजात ‘होय म्हाराजा’ म्हणतात. चूक एकट्याची नसते, ती सगळ्यांच्या तोंडून स्वीकारली जाते. धृतराष्ट्राच्या महालात नेमकी हीच सोय नव्हती.

समुद्राच्या बाबतीत ही रीत पावसाळ्यात दिसते. उधाण सुरू झाले की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहून मगच पाण्यात उतरायचे. मालवणात या दिवशी सिंधुदुर्ग किल्ल्यावरून मानाचा नारळ निघतो आणि बंदरावर तो समुद्राला अर्पण होतो. आजच्या कायद्याची बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची आहे, आणि नारळी पौर्णिमा बहुधा ऑगस्टमध्ये येते. मधले दिवस कायद्याने मोकळे आणि परंपरेने बंद असतात. त्या दिवसांत कोण समुद्रात जातो आणि कोण थांबतो, हे पाहिले की मर्यादा म्हणजे काय याचा अर्थ ग्रंथाशिवाय कळतो. थांबणाऱ्यालाही कर्ज असते, डिझेल महाग असते, घरात खाणारी तोंडे असतात. त्याचे थांबणे सोपे नसते, म्हणूनच त्याला व्रताचे मोल आहे.

या किनाऱ्यावर इशारे देण्याचे काम गेली काही दशके रापणकर आणि छोट्या होडीवाल्यांनी केले आहे. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोन टोकांनी ओढायचे मोठे जाळे. ते ओढायला डझनावारी माणसे लागतात, आणि ओढणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा असतो. तारली-बांगड्याचा थवाच्या थवा एका वेढ्यात उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांनी मासा संपेल, हे त्यांनी मोर्चे काढून सांगितले, आणि कधी समुद्रातच संघर्ष झाला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घालून त्याचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर इतकाच ठेवला. प्रखर दिव्यांनी मासा गोळा करून पकडण्यावर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. दोन्ही निर्बंध मोडले जातात ही मच्छीमारांची तक्रार आजही आहे. त्याच वेळी, १९८७ च्या एप्रिलमध्ये जाहीर झालेल्या सुमारे २९ चौरस किलोमीटरच्या मालवण सागरी अभयारण्याला इथल्या मच्छीमारांचा विरोध राहिला, हेही विसरता येत नाही. इशारा खरा असूनही तो आपल्याशी न बोलता वरून आला की माणूस त्यात धोका पाहतो. विदुर घरचा होता म्हणून निदान ऐकून तरी घेतला गेला.

समुद्रात भक्षक कमी झाले की काय होते, याचेही उदाहरण अरबी समुद्रात आहे. अलीकडच्या वर्षांत केंड माशांचे थवे जाळी कुरतडतात आणि जाळ्यातला मासा खातात, ही मालवणची रोजची डोकेदुखी झाली आहे. केरळच्या किनाऱ्यावर केंड वाढले तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१३ साली त्याचे कारण मोडशासारख्या भक्षक माशांच्या घटीशी जोडले. याला समुद्राचा सूड म्हणण्याचा मोह होतो. पण केंड कोणाची जाळी फाडायची ते निवडत नाही. मोडसा संपवला मोठ्या बोटींनी आणि जाळे फाटले छोट्या होडीवाल्याचे, तर त्याला ना सूड म्हणता येते ना न्याय. कर्माचे फळ कर्त्यालाच मिळते हा सिद्धांत समुद्रावर अडखळतो, कारण समुद्र सगळ्यांचा एकच आहे. इथे व्यक्तीच्या कर्मापेक्षा गाऱ्हाण्यातले सामूहिक कबुलीचे तत्त्व वस्तुस्थितीला जास्त धरून आहे.

पतंजलींनी योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात हिंसेचे तीन प्रकार सांगितले आहेत: स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि अनुमोदन दिलेली. तिच्या मुळाशी लोभ, क्रोध आणि मोह असतात. इशारा डावलण्यात लोभ आणि मोह असतो, सूड घेण्यात क्रोध. शार्कच्या बाबतीत ही वर्गवारी लावून पाहिली की प्रत्येकाची जागा दिसते. मोरी, म्हणजे इथला शार्क, मालवणात राक्षस नाही, ते ताटातले अन्न आहे. लहान मोरीवर उकळते पाणी ओतून तिची खरबरीत कातडी खरवडतात, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात तिचे मटणासारखे सुके करतात, आणि बाळंतिणीला दूध यावे म्हणून तीच आणतात. तिच्या मांसातल्या युरियाचा पुढे अमोनिया होतो, म्हणून ती ताजीच शिजवावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या होडीने आणलेल्या चार मोऱ्यांवर हे चालले, त्यात समुद्राचे काही बिघडले नाही. पण शार्क उशिरा वयात येतात आणि थोडी पिल्ले देतात. बुल शार्कची मादी दहा-अकरा महिने पिल्ले पोटात वागवते. इतक्या संथ वाढीचा प्राणी यंत्रबोटींच्या वेगापुढे टिकत नाही. अरबी समुद्र आणि लगतच्या भागातल्या १५३ जातींच्या शार्क, पाकट व त्यांच्या नातलगांचे मूल्यमापन झाले तेव्हा निम्म्याहून अधिक जाती धोक्यात आढळल्या. पकडणारा, कर्ज देऊन पकडायला लावणारा, घाऊक घेणारा, आणि पर्यटक म्हणून ‘आज मोरी आहे का’ विचारणारा, हे सगळे पतंजलींच्या तीन प्रकारांत कुठे ना कुठे बसतात. दोष सारखा नाही, पण कोणी पूर्ण बाहेरही नाही.

बुल शार्क खाडीत वर येतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पात्रात मासे पकडणाऱ्या एका माणसाच्या पायाचा त्याने लचका तोडला. महाराष्ट्रात अशी घटना इतकी दुर्मीळ आहे की ती राज्यभर बातमी झाली. गोड्या पाण्यात शिरण्याची क्षमता ही त्या जातीची प्रकृती आहे. तिथे माणूस होता हा योगायोग, आणि जखमी माणसाचे दुःख खरे. या तिन्ही गोष्टी एकत्र खऱ्या असू शकतात आणि त्यासाठी कोणाला खलनायक करावे लागत नाही.

बेंचली यांनी पुढे उरलेले आयुष्य शार्कच्या संरक्षणासाठी बोलण्यात घालवले. २००६ मध्ये ते वारले. भारतात देवमाशाएवढ्या व्हेल शार्कला २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले आणि २०१५ मध्ये शार्कच्या परांची निर्यात बंद झाली. महाराष्ट्रात २०१८ च्या डिसेंबरपासून संरक्षित सागरी प्राणी जाळे कापून सोडणाऱ्या मच्छीमाराला फाटलेल्या जाळ्यापोटी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. जाळ्यात व्हेल शार्क दिसला की तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, कोयता उचलावा लागतो, आणि तो जाळ्यावर चालवायचा असतो, माशावर नाही. जाळे कर्जाचे असते, सरकारी भरपाई नंतर येते. तरी या किनाऱ्यावर जाळी कापली गेली आहेत. बाजारात रोज उतरणाऱ्या साध्या मोरीसाठी मात्र अशी योजना नाही. तिचे आज किती वजन आले, त्यात पोटुशी मादी किती आणि वीतभर पिल्ले किती, हा प्रश्न लिलावाच्या वेळी धक्क्यावर उभा राहून विचारण्यासारखा आहे.